ओढ्यापलीकडं सोडलेले उंदीर

आमच्या आळीत घरं सतरा आणि उंदराचा पिंजरा एक. तो बनुबाईच्या घरी असतो.

पिंजरा साधा नाही. कडेगावच्या बाजारात पत्र्याची कामं करायला बसणारे चांदसाहेब आहेत, त्यांनी तो सव्वीस वर्षांपूर्वी केला. खाली सागवानाची फळी, वर जाड तारांची जाळी, आत भाकरीचा तुकडा अडकवायला आकडा आणि वर उचलून धरलेलं दार. तुकड्याला ओढ बसली की दार पडतं. पडताना फार आवाज करत नाही, माणूस हळूच खाकरल्यासारखा करतं. देताना चांदसाहेब म्हणाले होते, "ह्यात उंदीर आला न्हाई, तर दोष उंदराचा." सव्वीस वर्षांत दोष कुणावर ठेवायची वेळ आली नाही.

आळीतल्या कुणालाही पिंजरा तीन दिवसांसाठी मिळतो. नेणाऱ्यानं तो आधी चुलीच्या जाळावर धरायचा, कारण पहिल्या उंदराचा वास तारेला राहिला तर दुसरा आत पाऊल टाकत नाही. ज्यांच्याकडं आता नुसता गॅस आहे ते गॅसवर धरतात, आणि बनुबाई त्यांच्याकडं थोडं संशयानं बघते. उंदीर सापडला की पिंजऱ्यासकट तिच्याकडं आणून द्यायचा. पुढचं काम तिचं. बनुबाई त्याला उंदीर म्हणत नाही. पाहुणा म्हणते. दारात कुणी पिंजरा घेऊन आलं की आतूनच विचारते, "एकच पाहुणा का दोन?"

पूर्वी हे काम तिच्या नवऱ्याकडं होतं. नाथाजी बावीस वर्षं पलटणीत काढून आलेला माणूस. तो बादली पाण्यानं भरायचा, पिंजरा त्यात बुडवायचा आणि मनगटातल्या घड्याळात बघत पाच मिनिटं शांत उभा राहायचा. तेवढा वेळ बनुबाई गोठ्यात जाऊन बसायची. म्हशीला काही हवं असायचं असं नाही. नाथाजी अकरा वर्षांपूर्वी गेला. चौदाव्या दिवशी शेजारच्या अर्जुनाची बायको पिंजरा घेऊन दारात आली, आत भलामोठा उंदीर. बनुबाईनं पिंजऱ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं. मग बादली पालथी घातली, पिंजरा उचलला आणि पांदीनं चालत ओढ्यावर गेली. ओढा म्हणजे आमच्या गावाची शीव. पाण्यातले दगड तुडवून ती पलीकडं गेली, बाभळीच्या बुडाशी दार उचललं आणि पाहुण्याला म्हणाली, "जा बाबा."

चार दिवसांनी अर्जुनाच्या बायकोनं बातमी आणली.

"काकी, आला की त्यो माघारी."

"त्योच कशावरनं?"

"तोंडवळा त्योच हाय."

बनुबाईला तोंडवळ्यावर भरवसा ठेवायची सवय नव्हती. तिनं देव्हाऱ्यातली पुरचुंडी सोडली. भैरोबाच्या जत्रेतला गुलाल होता, तो खोबरेल तेलात कालवला. केरसुणीच्या काडीला कापूस गुंडाळला आणि दुसऱ्या दिवसापासून सोडायच्या आधी प्रत्येक पाहुण्याच्या पाठीवर तारेतून एक बोट लावायला लागली. गणपतीचं वाहन आहे, दुसरा रंग तिला पटेना. तेलामुळं गुलाल चांगला आठपंधरा दिवस टिकायचा.

अकरा वर्षांत गुलालाचा एकही पाहुणा माघारी आला नाही. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण तिच्या चालण्यात ती दिसायची. पहाटे, झुंजूमुंजू असताना, पदराखाली पिंजरा घेऊन ती निघायची ती एखादी बाई देवीची परडी घेऊन निघावी तशी. ओढ्याच्या पाण्यावर वाफ तरंगत असायची, होल्या घुमत असायच्या, आणि पलीकडच्या काठावर एक गुलाबी ठिपका गवतातून पळत पळत दिसेनासा व्हायचा. गुलालाचं आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. एका दिवाळीला माहेरी आलेली लेक, संयोगिता, तेवढी तिच्या मागोमाग ओढ्यावर गेली होती आणि हसून हसून दगडावर बसली होती.

ही संयोगिता ओढ्यापलीकडच्या वाडीत दिलेली. पलीकडची म्हटली तरी आम्ही तिथं ओढ्यातून जात नाही. कडेगावला जायचं, तिथं एसटी बदलायची, ती टेकडीला वळसा घालून वाडीच्या फाट्यावर सोडते. निम्मा दिवस जातो. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जाता येत नाही, आणि भरल्या हातानं दगडांवरून ओढा ओलांडता येत नाही, म्हणून सगळे एसटीनंच जातात. जावई ऋषिराज पलटणीत, सध्या जम्मूला. घरात संयोगिता आणि तिची सासू सुलाबाई. गेल्याच्या आधीच्या दसऱ्याला त्यांनी वाडीतलं घर सोडून मळ्यात नवीन घर बांधलं. सुलाबाईचा धाकटा दीर बाळासो, त्याचं घर मळ्यात आधीपासून होतं. त्याच्या अंगणासमोर ह्यांचं अंगण आलं. बनुबाई वास्तुशांतीला गेली होती. फाट्यावरून जीपनं. घर बघितलं, जेवली, जीपनं माघारी आली. घराच्या मागं उसाची लागण होती, डोक्यापर्यंत आलेली. उसाच्या पलीकडं काय आहे हे वास्तुशांतीला गेलेल्या माणसानं कशाला बघावं?

दिवाळी सरली आणि लेकीचे फोन यायला लागले.

"आई, उंदरं लय झाल्यात गं."

"नवीन घरात?"

"नवीन घरातच. शाळवाचं पोतं फोडलं. सासूबाईंचं लुगडं कुरतडलं. तू दिलेल्या वाकळंला भोक पाडलं."

वाकळ बनुबाईनं स्वतः शिवलेली. मधोमध नाथाजीच्या हिरव्या वर्दीचा चौकोन घातलेला.

"मारा की मग. पिंजरा लावा."

"सासूबाई मारू देत न्हाईत. करणी हाय म्हणत्यात."

"उंदराची कसली करणी?"

"हाय तसंच काय तरी," संयोगिता म्हणाली. मग थोडं थांबून, "आई, तू पहाटं ओढ्याकडं जातीस व्हय अजून?"

"जाती की."

"थंडी लय हाय. जाऊ नगस."

लेकीची माया बघून बनुबाईला बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती कानाला फडकं बांधून जायला लागली.

उन्हाळ्यात फोन आला तेव्हाही संयोगिता म्हणाली, पहाटं जाऊ नगस, थंडी असतीया. बनुबाईनं एवढंच म्हटलं की तुमच्याकडं हवा निराळी दिसते.

असे चौदा महिने गेले. हळूहळू फोनवर उंदरांपेक्षा बाळासोचंच नाव जास्त यायला लागलं. करणी केली ती दिरानंच, असं सुलाबाईनं मनाशी धरलं होतं. विहीर दोघांची सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, त्यात ह्यांचं घर नवं, स्लॅबचं. आणखी कारण काय लागतं? तिनं बाळासोशी बोलणं टाकलं. अंगणात उभी राहिली की त्याच्या घराकडं पाठ करून उभी राहायची. आणि बाळासोच्या अंकिताचा साखरपुडा ठरला होता. ही अंकिता सुलाबाईच्या मांडीवर वाढलेली पोर. तिची आई बाळंतपणातून दोन वर्षं उठली नव्हती, तेव्हा पहिला घास हिनं भरवलेला. आता सुलाबाई म्हणत होती, साखरपुड्याला पाय ठेवणार नाही, सुनेलाही ठेवू देणार नाही, आणि ऋषिराज सुट्टीवर आला की विहिरीची वाटणी करून घेणार.

जानेवारीत पलीकडचा ऊस तुटला.

ऊस तुटला की दोन्हीकडची उंदरं घरात शिरतात, हे आमच्याकडं दरवर्षीचं. आळीत पिंजऱ्याला दम नव्हता. त्या दिवशी बनुबाई पाहुणा घेऊन ओढ्यावर गेली. पलीकडं चढली. बाभळीच्या बुडाशी वाकली, दार उचललं, गुलालाचा पाहुणा बाहेर पडला, आणि तिनं मान वर केली.

समोर सगळं मोकळं होतं. जिथं अठरा महिने हिरवी भिंत होती, तिथं पाचट पसरलेलं आणि खोडक्यांच्या ओळी. त्या ओळी सरळ जात होत्या, आणि दोन हाका जातील एवढ्या अंतरावर एका घराच्या पाठीला टेकत होत्या. घर स्लॅबचं. वर निळी टाकी. मागं दोरी बांधलेली, आणि दोरीवर एक वाकळ वाळत होती. वाकळेच्या मधोमध हिरवा चौकोन.

बनुबाई बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत राहिली. पाहुणा एका ओळीतून पळत होता. वाट त्याला पाठ असावी.

घरी येऊन तिनं पिंजरा कोनाड्यात ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"संयोगिता, तुमच्याकडची उंदरं रंगाची हाईत का?"

लांब कुठं तरी कोंबडा ओरडला, तो फोनमधून ऐकू आला आणि दारातूनही ऐकू आला.

"गुलालाची हाईत," संयोगिता म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुझ्या विहीणबाई देवापुढं बसून करणी करणाऱ्याचं वाटोळं मागत्यात. त्यांना सांगू, माझ्या आईची हाईत म्हणून?"

बनुबाईनं फोन ठेवला. त्यानंतरचे चार दिवस तिनं कसे काढले हे आळीनं बघितलं, पण कारण कळलं नाही. पिंजरा त्याच रात्री अर्जुनाच्या घरी लागला होता; तिथं सापडलेला पाहुणा पिंजऱ्यात तसाच होता. ती त्याला भाकरीचा तुकडा आणि वाटीत पाणी द्यायची आणि समोर पाटावर बसून राहायची. विचार साधा होता, पण तो कुठूनही धरला तरी टोचत होता. सांगितलं तर लेकीला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. नाही सांगितलं तर आपल्या गुलालापायी दोन भावांची घरं तुटणार, आणि अंकिताला साखरपुड्यात मांडीवर घेऊन वाढवणारी बाई दिसणार नाही. चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. साखरपुडा रविवारी आहे, आणि सासूबाईंनी बाळासोचं निमंत्रण चुलीत घातलं.

शुक्रवारी ऊन वर आल्यावर बनुबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं. पाहुण्याच्या पाठीवर गुलालाचं बोट लावलं. लपवून न्यायचं नव्हतं म्हणून पिंजऱ्यावर पदर घेतला नाही. आणि जन्मात पहिल्यांदा ती ओढ्यातून लेकीच्या घरी गेली. हातात दुसरं काही नव्हतं.

सुलाबाई मागच्या अंगणात शाळू पाखडत होती. संयोगिता धुण्याच्या दगडावर कपडे आपटत होती. खोडक्यांतून कुणी तरी बाई येतेय हे बघून सुलाबाईनं सूप थांबवलं.

"आगं बया! विहीणबाई? आशा रानातनं?"

"जवळ पडतं."

"जवळ?"

"पाव तास. मलाबी आत्ताच कळलं."

मग सुलाबाईची नजर पिंजऱ्यावर गेली. आतला गुलाबी पाठीचा पाहुणा मागच्या पायांवर उभा राहून तिच्याकडं बघत होता. तिच्या हातातलं सूप कलंडलं, शाळू मातीत गेला.

"तुमच्याकडंबी?" ती ओरडली. "तुमच्याकडंबी पोचली व्हय करणी! संयोगिता, बघ गं, तुझ्या म्हायेरालाबी सोडलं न्हाई ह्या बाळासोनं! आता तरी तुझा इस्वास बसतोय का?"

धुण्याचा आवाज थांबला.

बनुबाईला आता काहीच करायचं नव्हतं. फक्त मान हलवायची होती. वाट सुलाबाईनं स्वतःच झाडून दिली होती; तिच्यावरून चालत गेलं असतं तर दोघी विहिणी करणीग्रस्त म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडल्या असत्या आणि लेकीला कुणी काही बोललं नसतं. बनुबाईनं लेकीकडं बघितलं. लेक पिळलेल्या साडीकडं बघत होती. घराच्या कडेनं समोरच्या अंगणात बाळासो वैरण तोडताना दिसत होता. आपलं नाव कानावर येऊनही त्यानं मान वर केली नाही, इतकी त्याला सवय झाली होती.

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "ही माझीच हाईत."

"काय?"

"उंदरं. गुलाल मी लावती. त्या बाभळीखाली सोडती."

सुलाबाईनं बाभळीकडं बघितलं. मग खोडक्यांच्या ओळींकडं. मग स्वतःच्या घराकडं.

"सगळी?"

"सगळी म्हणजे आमच्या आळीची. सतरा घरं हाईत."

"चौदा म्हैनं," सुलाबाई सावकाश म्हणाली, "चौदा म्हैनं म्या ह्यांच्यावर काठी उचलली न्हाई. मारलं तर उलटंल म्हणून. आमुशाला पुरणाची पोळी ठिवत हुते ह्यांच्याम्होरं."

"खात हुती?"

"तुपासंगट."

पाहुणा खाली बसला.

"संयोगिता," सुलाबाईनं मान न वळवता हाक मारली. "तुझ्या आयनं लग्नात फ्रीज दिला न्हाई म्हणून म्या कवा बोलले का?"

"न्हाई आत्याबाई."

"ह्ये धाडायची हाय म्हणून म्हाईत असतं, तर फ्रीजच मागून घेतला असता."

"मी आईला सांगितलं हुतं," संयोगिता म्हणाली, "थंडीत जाऊ नगस म्हणून."

हे बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. सुलाबाईच्याही ध्यानात आलं. तिनं सुनेकडं असं बघितलं की संयोगितानं पिळलेली साडी पुन्हा बादलीत घातली आणि पुन्हा आपटायला सुरुवात केली. ती साडी त्या दिवशी तीनदा धुतली गेली.

"उठा," सुलाबाई बनुबाईला म्हणाली. बनुबाई उभीच होती. "पिंजरा घ्या. चला म्होरं."

दोन अंगणांत चाळीस पावलांचं अंतर. सुलाबाई ते आठ महिन्यांनी चालत होती. बाळासोनं कोयता खाली ठेवला.

"सांगा ह्यांना," सुलाबाई म्हणाली आणि आभाळाकडं बघत उभी राहिली.

बनुबाईनं सगळं सांगितलं, बादलीपासून बाभळीपर्यंत. बाळासोनं वाकून पिंजऱ्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वैनी, म्हंजी ह्याच्यापायी तुमी बोलत नव्हता?"

"व्हय."

"मला वाटलं, पाण्याच्या पाळीवरनं. म्हणून मी आठ म्हैनं तुमची पाळी आदी सोडतोय. रातचं आलं तरी माझी मागं ठिवतोय."

सुलाबाईनं पदर सारखा केला. तिला पाणी वेळेवर मिळत होतं हे तिच्या लक्षात आलं होतं. तो देवाचा कौल समजून तिनं सोडून दिलं होतं.

"रविवारी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

"आकराला."

"मी आटाला येती. पोरीला साडी कोण नेसवणार हाय? तुझ्या बायकूला निऱ्या घालाय येत न्हाईत."

"येत न्हाईत," बाळासो म्हणाला, आणि घराकडं तोंड करून त्यानं चहा टाकायला सांगितलं.

चहा झाला. बनुबाई उठली तेव्हा सुलाबाई तिला घराच्या मागं खोडक्यांपर्यंत पोचवायला आली. दोरीवरची वाकळ तिनं काढली, घडी केली आणि हातात दिली. "भोक तेवढं शिवून द्या," ती म्हणाली. "तुमच्याच माणसांनी पाडलंय." मग पिंजऱ्याकडं बोट केलं. "आन् ह्याला हितं सोडू नगा."

रविवारी बनुबाई साखरपुड्याला गेली. ओढ्यातूनच गेली, शिवलेली वाकळ डोक्यावर घेऊन. बाळासोच्या पाहुण्यांत कुणी तरी मुलीच्या कपाळाला लावायला गुलालाचं ताट पुढं केलं, तेव्हा सुलाबाई म्हणाली, "ते आमच्या विहीणबाईंच्या हातात द्या, त्यांचा हात बसलाय." संयोगिता म्हणते, हे आता दर कार्याला ऐकायचं आहे. म्हणते, आणि हसते.

त्याला आज नऊ दिवस झाले. पिंजरा बनुबाईच्या कोनाड्यातच आहे. आळीत सोळा घरांत उंदरं नाचताहेत, आमच्या घरात तर माळ्यावर चढायचीही कुणाची हिंमत नाही. अर्जुनाची बायको दोनदा विचारून गेली. शेवटी काल मीच गेलो. बनुबाई पाटावर बसली होती. पिंजऱ्यात पाहुणा, पाठीवरचा गुलाल फिकट झालेला, अंगानं चांगला भरलेला.

"काकी, पिंजरा मिळंल का?"

"पाहुणा हाय आत."

"सोडा की त्याला कुठं तरी."

"कुठं?" तिनं विचारलं.

मी ओढ्याच्या अंगाला बघितलं. मग माळाकडं बघितलं; तिकडच्या वस्तीवर अर्जुनाची बहीण दिलीय. वरच्या अंगाला माझी स्वतःची थोरली. खाली शिवंला लागून कुणाकुणाच्या आहेत ते बोटावर मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. आमच्या गावच्या लेकी चारी दिशांना दिलेल्या आहेत.

बनुबाईनं ताटातली भाकरी मोडली, एक तुकडा तारेतून आत सरकवला आणि उरलेली मला दिली.